सार्वजनिक विम्यातले दाखल रुग्ण आणि रुग्णालयाची खर्चवसुली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रुग्णालयाच्या हिशेब, बिलिंग आणि क्लेम विभागात काम करणाऱ्यांसाठी आहे. वैद्यकीय अधीक्षकांनी आणि विश्वस्तांनीही वाचायला हरकत नाही, किंबहुना वाचावंच. ओपीडीचा विषय इथे घेतलेला नाही. उदाहरणांतले आकडे काल्पनिक आहेत आणि पैशांऐवजी 'एकक' धरले आहेत, म्हणजे कुठल्याही चलनात बसवता येतील.

खर्चवसुली म्हणजे नेमकं काय मोजायचं?

दाखल रुग्णावर रुग्णालयाचा जो खर्च झाला, त्यातला किती विमा यंत्रणेकडून परत आला याचा टक्का. मिळालेली रक्कम भागिले प्रत्यक्ष खर्च, गुणिले १००. आकडा १०० च्या खाली आला तर तूट, वर गेला तर शिल्लक.

सूत्र एका ओळीचं आहे, पण त्यात दोन्ही बाजूंना खड्डे आहेत. मिळालेली रक्कम म्हणजे पाठवलेल्या क्लेमची रक्कम नव्हे आणि मंजूर झालेलीही नव्हे. कपात, कर, नाकारलेले क्लेम असं सगळं वजा जाऊन बँकेत जे जमा झालं ते. आणि खर्च म्हणजे बिलावर छापलेला आकडा नव्हे. बिलात रुग्णालयाच्या दरपत्रकातले दर असतात. ते कधी खर्चाच्या दुप्पट असतात, कधी वर्षानुवर्षं न बदलल्यामुळे खर्चापेक्षा कमी. त्यामुळे 'विम्याने आमच्या बिलाच्या निम्मेच दिले' या तक्रारीतून खर्चवसुलीबद्दल काहीही कळत नाही.

विमा यंत्रणा खर्चाप्रमाणे पैसे का देत नाही? झालेला खर्च दाखवला, पैसे घेतले, विषय संपला.

पूर्वी अनेक ठिकाणी असंच होतं. अमेरिकेतल्या मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने) १९८३ पर्यंत रुग्णालयांना मोठ्या प्रमाणावर झालेल्या खर्चाच्या आधारेच पैसे दिले. अडचण उघड होती: जो जास्त खर्च करेल त्याला जास्त मिळणार. काटकसर करणाऱ्याला बक्षीस तर नाहीच, उलट पुढच्या वर्षी कमी पैसे.

त्याआधी येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी रुग्णांची गटवारी केली होती. साधारण सारखं निदान आणि साधारण सारखी साधनसामग्री लागणारे रुग्ण एका गटात टाकायचे. हेच डीआरजी, म्हणजे निदानानुसार केलेले गट (डायग्नोसिस रिलेटेड ग्रुप). गंमत अशी की पैसे वाटणं हा त्यामागचा मूळ हेतू नव्हता. रुग्णालयात नेमकं काय आणि किती काम होतं हे मोजण्यासाठी ती गटवारी होती. १९८३ मध्ये मेडिकेअरने तिच्यावर दर लावले आणि मग ती पद्धत जगभर गेली. जर्मनीत २००४ पासून ती सक्तीची झाली. इंडोनेशियात २०१४ साली राष्ट्रीय विमा सुरू झाला तेव्हा त्यात आयएनए-सीबीजी नावाचं तिचं स्थानिक रूप वापरलं गेलं. भारतात २०१८ च्या प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेने थोडी वेगळी वाट धरली: शस्त्रक्रियांना ठरावीक पॅकेज (संपूर्ण उपचाराची आधीच ठरलेली एकच रक्कम) आणि बऱ्याचशा औषधोपचारांना वॉर्डनिहाय दररोजचा दर. जपानने २००३ मध्ये मोठ्या रुग्णालयांपासून सुरुवात करताना निदानानुसार रोजचा दर ठेवला, पण मुक्काम लांबत जाईल तसा तो उतरत जातो.

तपशील वेगवेगळे असले तरी तत्त्व एकच. दर आधी ठरतो, खर्च नंतर होतो, आणि मधला फरक रुग्णालयाच्या वाट्याला येतो.

एकाच पॅकेजमध्ये एका रुग्णावर आमचं नुकसान होतं, दुसऱ्यावर पैसे उरतात. हे चुकीचं नाही का?

नाही. पॅकेजचा दर सरासरीवर बांधलेला असतो. तेव्हा एका फाइलवरून दराबद्दल मत बनवू नका. बैठकीत हमखास तीच एक फाइल फिरवली जाते, जिच्यात रुग्ण तीन आठवडे पडून होता.

प्रश्न तेव्हा खरा होतो, जेव्हा तुमच्याकडे येणारे रुग्णच सरासरीपेक्षा जास्त आजारी असतात. जिल्ह्यातल्या बाकीच्या रुग्णालयांनी नाकारलेले रुग्ण शेवटी ज्या मोठ्या रुग्णालयात येतात, तिथे सरासरी लागू पडत नाही. म्हणून चांगल्या पद्धतींमध्ये गुंतागुंतीनुसार उपगट असतात, आणि फारच महाग पडलेल्या रुग्णांसाठी जादा रक्कम देण्याची सोय असते. तुमच्या योजनेत अशी सोय असेल आणि तुम्ही ती वापरत नसाल, तर दोष दराचा नाही.

खर्च मोजायचा कसा? आमच्याकडे फक्त वार्षिक ताळेबंद आहे.

ताळेबंदावरून सुरुवात होते, शेवट होत नाही. दोन वाटा आहेत.

पहिली वरून खाली. एकूण खर्च घ्यायचा आणि तो विभागांवर वाटत आणायचा. प्रशासन, धुलाई, स्वयंपाकघर, निर्जंतुकीकरण, सुरक्षा हे विभाग थेट रुग्ण बघत नाहीत. त्यांचा खर्च वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, आयसीयू, लॅब यांच्यावर टाकायचा. धुलाई किलोवर, स्वयंपाकघर ताटांवर, सफाई चौरस फुटांवर. हे माप कुठलं घेतलं यावर निकाल बराच बदलतो. विजेचा खर्च चौरस फुटांवर वाटला तर जनरल वॉर्ड महाग दिसतो आणि ऑपरेशन थिएटर स्वस्त, कारण वॉर्डची जागा मोठी आणि थिएटरचं एसी-यंत्रांचं ओझं मोठं. शक्य असेल तिथे वेगळा मीटर बसवा. त्या मीटरचे पैसे पहिल्याच हिशेबात वसूल होतात असं मी म्हणणार नाही, पण वाद मिटतात.

दुसरी वाट खालून वर. एका रुग्णामागे चालत जायचं: दाखल होताना किती वेळ गेला, कोणकोणत्या तपासण्या झाल्या, किती हातमोजे, किती सलाइन, थिएटरमध्ये किती मिनिटं, वॉर्डमध्ये नर्सचा किती वेळ. रॉबर्ट कॅप्लान आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेली वेळेवर आधारित पद्धत यासाठी सोयीची आहे. तिला दोनच गोष्टी लागतात, प्रत्येक माणसाच्या किंवा यंत्राच्या मिनिटाचा दर आणि त्या कामाला लागलेली मिनिटं.

मिनिटाचा दर काढताना बहुतेक जण एकाच जागी अडखळतात. समजा एका नर्सचा महिन्याचा पूर्ण खर्च ४,८०० एकक आहे आणि पगारपत्रकावर २०० तास आहेत. १२,००० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ०.४ एकक. पण रजा, प्रशिक्षण, पाळी बदलताना होणारी देवाणघेवाण, जेवणाची सुट्टी वजा केली की रुग्णासाठी हातात १६० तास उरतात. ९,६०० मिनिटं. दर झाला ०.५. पहिल्या हिशेबाने नर्सिंगचा खर्च पाचव्या हिश्श्याने कमी दिसला असता, आणि तोही प्रत्येक रुग्णावर.

सगळ्या रुग्णालयासाठी खालून वर जाणं झेपणारं नाही. सर्वांत जास्त होणाऱ्या दहा-पंधरा प्रक्रिया तशा मोजा, बाकीच्यांना विभागाची सरासरी लावा.

घसारा (यंत्रं-इमारतीची दरवर्षीची झीज) धरायचा का? आणि दान मिळालेल्या मशीनचं काय?

धरायचा. दानाचं मशीनही एक दिवस बंद पडणार आहे आणि नवं कुणी दान देईलच असं नाही. फक्त घसारा धरून आणि न धरून असे दोन आकडे ठेवा; विमा यंत्रणेशी बोलताना पहिला, रोखीची चणचण बघताना दुसरा.

आमची वसुली ८७ टक्के आहे. मग हे रुग्ण घेणं थांबवावं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर सर्वांत जास्त वेळा चुकीचं दिलं जातं. आकडे मांडूनच बघू.

एका शस्त्रक्रियेचं पॅकेज १०० एककांचं. तुमचा पूर्ण खर्च ११५. वसुली ८७ टक्के, रुग्णामागे १५ एककांची तूट. आता ११५ ची फोड करा. त्यात ७० एकक पगार, इमारत, यंत्रं, देखभाल यांचे आहेत. हा रुग्ण आला नसता तरी ते खर्च झालेच असते. उरलेले ४५ एकक औषधं, टाके, भूल, जेवण, तपासणीचे किट यांचे. हे त्या रुग्णामुळेच झाले. रुग्ण नाकारला तर ४५ वाचतात आणि १०० जातात. म्हणजे 'तोट्याचा' रुग्ण नाकारून तुम्ही ५५ एककांचं नुकसान करून घेतलं.

हे खरं कधी? जेव्हा खाटा रिकाम्या आहेत. त्याच खाटेसाठी १३० एकक देणारा दुसरा रुग्ण दारात उभा असेल तर निव्वळ पैशाचा हिशेब बदलतो. पण बहुतेक रुग्णालयांत वर्षातले बरेच दिवस खाटा रिकाम्या असतात आणि तरीही बोलणं असं चालतं, जणू दारात रांग लागली आहे.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ७० एककांचा स्थिर खर्च खाटा ६० टक्के भरलेल्या असताना आला आहे असं समजा. तेवढ्याच माणसांत आणि तेवढ्याच इमारतीत खाटा ८० टक्के भरल्या, तर तोच खर्च जास्त रुग्णांत वाटला जाऊन ५२.५ वर येतो. पूर्ण खर्च ९७.५. वसुली जवळजवळ १०३ टक्के. दरात काही बदललं नाही, उपचारात काही बदललं नाही. म्हणून कमी वसुलीचं खापर दरावर फोडण्याआधी खाटा किती भरलेल्या होत्या ते बघा. ८० च्याही वर ढकलत गेलात तर मात्र माणसं कमी पडतात, नवी घ्यावी लागतात आणि ज्याला आपण स्थिर म्हणालो तो खर्च उडी मारतो.

कायम फक्त बदलत्या खर्चापुरतेच (वरच्या ४५ एककांसारख्या, रुग्णागणिक होणाऱ्या) पैसे मिळत राहिले तर रुग्णालय चालतं, पण झिजतं. पाच वर्षांनी छत गळतं आणि सी-आर्म (थिएटरमधलं एक्स-रे यंत्र) बदलायला पैसे नसतात. तेव्हा रुग्ण घ्यावा की नाही हे ठरवताना बदलता खर्च बघा. दर पुरेसा आहे की नाही हे ठरवताना पूर्ण खर्च. दोन प्रश्नांना एकच आकडा लावला की गोंधळ ठरलेलाच.

मुक्काम एक दिवसाने कमी केला तर मोठी बचत होईल ना?

वाटते तेवढी नाही. शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा खर्च पहिल्या दोन दिवसांत एकवटलेला असतो. शेवटच्या दिवशी तो दोन गोळ्या घेतो, जेवतो, ड्रेसिंग करून घेतो आणि कागदांची वाट बघतो. तो दिवस कापला तर जेवण आणि थोडी औषधं वाचतात. खरी बचत तेव्हाच होते, जेव्हा सुटलेल्या खाटेवर दुसरा रुग्ण येतो.

पण काही दिवस खरोखर फुकट जातात आणि ते बहुधा शेवटी नव्हे, सुरुवातीला सापडतात: भूलतज्ज्ञांची तपासणी दाखल झाल्यावर दुसऱ्या दिवशी, रक्ताची सोय तिसऱ्या दिवशी, शनिवारी दाखल आणि शस्त्रक्रियांची यादी सोमवारची. हे दिवस आधी शोधा.

रुग्णाला लवकर घरी पाठवण्याची हाव वेगळी. मेडिकेअरने १९८३ ला दर बांधून दिल्यावर मुक्काम झपाट्याने कमी झाला. त्यानंतर झालेल्या मोठ्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण बिघडलेलं दिसलं नाही, पण प्रकृती पुरेशी स्थिर नसताना घरी गेलेल्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आणि बऱ्याच योजनांमध्ये डिस्चार्जनंतरचे काही दिवस पॅकेजमध्येच धरलेले असतात. रुग्ण त्याच तक्रारीसाठी परत आला तर तो खर्च तुमचाच.

आयसीयूची वसुली नेहमी कमी का?

कारण आयसीयू माणसांवर चालतो आणि दर ठरवताना नजर यंत्रांवर जाते. एका व्हेंटिलेटरमागे चोवीस तासांत तीन पाळ्यांच्या नर्स लागतात, रुग्ण असो वा नसो. दर फारच मागे पडले की ते दुरुस्तही होतात: भारतात ऑक्टोबर २०२१ मध्ये जनआरोग्य योजनेतला व्हेंटिलेटरसह आयसीयूचा रोजचा दर दुप्पट झाला, व्हेंटिलेटरशिवायचा दुपटीहूनही जास्त वाढला, तर साध्या वॉर्डचा फक्त १७ टक्क्यांच्या आसपास. या फरकावरूनच कळतं की आधीच्या दरांत ओढाताण नेमकी कुठे होती.

जर्मनीने वेगळा उपाय काढला. ठरावीक दरात पैसे वाचवायचे म्हणून रुग्णालयं नर्सच कमी करत होती. म्हणून २०२० पासून खाटेजवळच्या नर्सिंगचा खर्च डीआरजीतून बाहेर काढून वेगळा दिला जाऊ लागला. माझ्या मते, दर ठरवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. सगळं एकाच रकमेत कोंबलं की काटकसर सर्वांत आधी माणसांवर येते.

क्लेममध्ये पैसे नेमके कुठे गळतात?

दराबद्दल तुम्ही फार काही करू शकत नाही. फाइलबद्दल मात्र जवळजवळ सगळं तुमच्या हातात आहे.

क्लेम टेबलवरची कुठलीही अडकलेली फाइल उघडा. प्री-ऑथ (उपचाराआधी घेतलेली मंजुरी) डाव्या बाजूच्या हर्नियासाठी. ऑपरेशन नोटमध्ये डावी बाजू. डिस्चार्ज समरीत उजवी, कारण निवासी डॉक्टरांनी आदल्या रुग्णाची समरी कॉपी करून नाव बदललं. विमा यंत्रणेची क्वेरी आली. उत्तर द्यायला सर्जनची सही हवी, सर्जन रजेवर. मुदत संपली, क्लेम नाकारला. उपचार उत्तम झाले, रुग्ण खडखडीत बरा झाला आणि वसुली शून्य.

दुसरी नेहमीची गळती इम्प्लांटची (शरीरात बसवलेल्या प्लेट-स्क्रूसारख्या वस्तूंची). स्टिकर ऑपरेशन नोटवर चिकटवायचं असतं. ते सिस्टरच्या ट्रेमध्ये राहतं, संध्याकाळी कचऱ्यात जातं. इम्प्लांटची रक्कम कापली जाते. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेचा फोटो अपलोड न होणं, आयसीयूच्या दिवसांचे व्हायटल चार्ट अर्धवट असणं, दाखल झाल्याची वेळ प्री-ऑथच्या नंतरची की आधीची यात मेळ नसणं, हेही त्याच पंगतीतलं.

यावर महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. रुग्ण खाटेवर असतानाच फाइल तपासणारा एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला डॉक्टरांना हटकण्याचा अधिकार लागतो. दुसरी गोष्ट मिळणं पहिलीपेक्षा अवघड आहे.

एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया केल्या तर दोन्हींचे पूर्ण पैसे मिळतात का?

सहसा नाही, आणि ते रास्तही आहे. भूल एकदाच, थिएटर एकदाच, मुक्काम एकच. भारताच्या जनआरोग्य योजनेत मोठ्या पॅकेजचे १०० टक्के, दुसऱ्याचे ५०, तिसऱ्यापासून पुढे २५ टक्के असा नियम आहे. तुमच्या योजनेचा नियम बघा आणि खर्चही तसाच मोजा. पैसे अर्धे धरून खर्च मात्र दोन वेगळ्या शस्त्रक्रियांचा धरला, तर तूट कागदावरच तयार होते.

कोडिंग (निदान-उपचारांना ठरलेले कोड लावणं) सुधारून वसुली वाढते म्हणतात. हे फसवणुकीत मोडत नाही का?

जे झालं ते सगळं लिहिणं म्हणजे सुधारणा, जे झालं नाही ते लिहिणं म्हणजे फसवणूक. रुग्णाला मधुमेह आहे, मूत्रपिंडं कमकुवत आहेत, शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनिया झाला. हे केसपेपरवर आहे, औषधं दिली आहेत, पण समरीत फक्त मुख्य निदान. डीआरजीसारख्या पद्धतीत असा रुग्ण साध्या गटात जातो आणि खर्च गुंतागुंतीच्या गटाचा होतो. ही सोबतची निदानं नोंदवणं तुमचं कामच आहे.

उलट बाजूला एक धूसर पट्टा आहे. रक्तातलं सोडियम किंचित खाली गेलं, कुणी उपचार केला नाही, पण कोड लावला. एखाद-दुसऱ्या फाइलीत चालून जातं; सगळ्याच फाइलींत दिसलं की लेखापरीक्षक येतो, आणि मग वसुली उलट्या दिशेने सुरू होते. कसोटी साधी ठेवा: त्या निदानासाठी तपासणी, औषध, देखरेख यांपैकी काही झालं का? नसेल तर कोड नको.

शिवाय सगळीच गुंतागुंत पैसे आणत नाही. रुग्णालयात असतानाच टाळता येण्याजोग्या काही गोष्टी घडल्या, उदाहरणार्थ शरीरात राहिलेलं उपकरण किंवा नव्याने झालेले खोल बेडसोअर, तर मेडिकेअर ऑक्टोबर २००८ पासून त्यांचे जादा पैसे देत नाही.

सरकारी रुग्णालयाची वसुली १५० टक्के दिसते. ते इतके कार्यक्षम आहेत का?

बहुधा त्यांनी पगार धरलेले नाहीत. डॉक्टर, नर्स, इमारत यांचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो आणि विम्याचे पैसे वर येतात. खर्चाच्या जागी फक्त औषधं आणि साहित्य टाकलं तर आकडा कितीही फुगतो. हा आकडा अगदीच निरुपयोगी नाही: विम्याच्या पैशांतून रोजची खरेदी भागते का, हे त्यावरून कळतं. पण खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयाच्या आकड्याशेजारी तो ठेवू नका. दोन आकडे काढा, एक पगारासह, एक पगाराविना, आणि प्रत्येकावर ठळक लिहा.

दर कमी पडतो, तर उरलेले पैसे रुग्णाकडून घेता येतात का?

योजना कॅशलेस असेल आणि उपचार पॅकेजमध्ये बसत असेल तर नाही. औषध बाहेरून आणायला लावणं, तपासणी 'पॅकेजमध्ये येत नाही' म्हणून पावती फाडणं, डिपॉझिट घेऊन परत न करणं, हे सगळं त्यातच आलं. काही देशांत रुग्णाने ठरावीक वाटा द्यायची किंवा वरच्या दर्जाची खोली घेऊन फरक भरायची अधिकृत सोय असते. ती असेल तर लेखी नियमाप्रमाणे घ्या.

हिशेबाच्या अंगानेही यात खोट आहे. रुग्णाने बाहेरून आणलेली औषधं तुमच्या खर्चात दिसत नाहीत, म्हणून तुमचा खर्च कमी आणि वसुली चांगली दिसते. उद्या दर वाढवून मागायला गेलात तर तुमचेच कागद सांगतील की दर पुरेसा आहे.

मग तूट खासगी रुग्णांकडून भरून काढायची?

बरीच रुग्णालयं तेच करतात. चालतं तोवर चालतं. विम्याचे रुग्ण एकूण रुग्णांच्या पाचव्या हिश्श्याइतके असताना बाकीच्यांवर थोडा भार टाकून निभावतं. निम्म्याच्या वर गेले की भार टाकायला माणसंच उरत नाहीत. सार्वजनिक विमा जसजसा सर्वांपर्यंत पोहोचेल तसतसा हा मार्ग आपोआप बंद होतो. तेव्हा पुढच्या पाच वर्षांचं नियोजन त्याच्या भरवशावर करू नये.

वसुली ९८ टक्के आहे, तरी पुरवठादारांचे पैसे द्यायला हातात काही नसतं. असं कसं?

पैसे उशिरा येतात म्हणून. क्लेम मंजूर व्हायला चार महिने लागले तर तेवढा काळ तुमचे पैसे गुंतून पडतात. कर्ज काढावं लागलं तर व्याज जातं, किंवा औषधाचा पुरवठादार उधारीमुळे भाव चढा लावतो. हे व्याज खर्चात धरा. आणि उशीर दोन तुकड्यांत मोजा: डिस्चार्जपासून क्लेम पाठवेपर्यंत आणि क्लेम पाठवल्यापासून पैसे जमा होईपर्यंत. दुसऱ्या तुकड्याबद्दल सगळे ओरडतात. पहिला तुकडा स्वतःचा असतो आणि तो अनेकदा लाजिरवाणा लांब असतो.

आम्ही जास्त रुग्ण घेतले, जास्त क्लेम पाठवले, तरी वर्षअखेर रक्कम वाढली नाही.

तुमच्या यंत्रणेवर एकूण खर्चाची मर्यादा असावी. थायलंडच्या २००२ पासूनच्या सार्वत्रिक योजनेत दाखल रुग्णांचे पैसे डीआरजी गटाला दिलेल्या गुणांनुसार मिळतात, पण एकूण निधी आधी ठरलेला असतो. तैवानमध्येही गुणांचं मूल्य वर-खाली होतं: सगळ्यांनी मिळून काम जास्त केलं की एका गुणाचे पैसे घटतात. अशा व्यवस्थेत नुसती संख्या वाढवून वसुली सुधारत नाही. प्रत्येक रुग्णामागचा बदलता खर्च कमी करणं हाच काय तो मार्ग उरतो.

आमचं रुग्णालय छोटं, दूरच्या भागात आहे. खाटा कधी भरणारच नाहीत. मग?

मग पॅकेजच्या दरात तुमचा खर्च निघणं अवघड आहे आणि त्यात तुमची चूक नाही. रात्री प्रसूतीसाठी एकच बाई आली तरी डॉक्टर, नर्स, भूलतज्ज्ञ हजर लागतात. अमेरिकेने अशा दुर्गम छोट्या रुग्णालयांना डीआरजीतून वगळून मान्य खर्चाच्या १०१ टक्के देण्याची पद्धत ठेवली. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर मागणी दरवाढीची करू नका, उपलब्ध राहण्याच्या वेगळ्या अनुदानाची करा. दर दहा टक्क्यांनी वाढला तरी वर्षाला चाळीस शस्त्रक्रियांत थिएटरचा खर्च निघत नाही.

दरवाढ मागताना हातात काय असावं?

भावना नकोत, एका प्रक्रियेचा नीट मोजलेला खर्च असावा. तोही एकट्या रुग्णालयाचा नको. पाच-सहा वेगवेगळ्या आकाराच्या रुग्णालयांनी एकाच पद्धतीने मोजलेला असला की समोरच्याला 'तुमचंच रुग्णालय महाग' म्हणता येत नाही. जर्मनीत दर असेच निघतात: ठरावीक रुग्णालयं आपला प्रत्यक्ष खर्च एका मध्यवर्ती संस्थेला देतात आणि त्यावरून गटांची वजनं (कुठल्या गटाला तुलनेने किती पैसे) दरवर्षी बसवली जातात. भारतातही चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी खर्च-अभ्यासाचा उपयोग पॅकेजचे दर सुधारताना झाला.

सोबत खाटा किती भरलेल्या होत्या, सरासरी मुक्काम किती, नाकारलेले क्लेम किती, हेही द्या. लपवलंत तर पहिला प्रश्न तोच येईल.

काही पॅकेजवर आमची वसुली १४० टक्के आहे. हे सांगायचं की गप्प बसायचं?

दर सुधारण्याच्या चर्चेत सांगा. एका पॅकेजवर इतकी शिल्लक आणि दुसऱ्यावर तेवढीच तूट असेल तर रुग्णालयं पहिल्याकडे धावतात. मोतीबिंदूची शिबिरं लागतात आणि भाजलेल्या रुग्णाला खाट मिळत नाही. आणि आतल्या आत आधी तपासा: एवढी शिल्लक खरोखर दरामुळे आहे, की त्या विभागावर प्रशासनाचा आणि निर्जंतुकीकरणाचा वाटा टाकायचाच राहून गेला आहे?

हा हिशेब किती वेळाने करायचा?

पूर्ण खर्च वर्षातून एकदा. जमा रक्कम, कपात आणि उशीर दर महिन्याला.

सुरुवात कुठून करू? माझ्याकडे एक लिपिक आणि एक संगणक आहे.

मागच्या तीन महिन्यांत पैसे जमा झालेल्या क्लेमची यादी काढा. त्यात सर्वांत जास्त वेळा आलेली पाच पॅकेज निवडा. प्रत्येकाच्या दहा फाइली घ्या. सलग दहा, निवडून नकोत. प्रत्येक फाइलीतून चार गोष्टी लिहा: मागितलेली रक्कम, मिळालेली रक्कम, डिस्चार्ज ते क्लेम आणि क्लेम ते जमा असे दिवस, आणि फार्मसीतून त्या रुग्णाच्या नावे गेलेलं साहित्य. एवढ्यावर बदलता खर्च आणि गळती दोन्ही हाती लागतात. पगार आणि इमारतीचा वाटा पुढच्या टप्प्यात, हिशेबनीस सोबत बसल्यावर. फार्मसीच्या नोंदी रुग्णनिहाय नसतील, सगळं साहित्य 'वॉर्ड स्टॉक' म्हणून जात असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून पहिले दोन महिने तेवढंच दुरुस्त करा.